अ‍ॅना मणी : उन्हाचा हिशेब ठेवणाऱ्या बाई

साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला की कोल्हापूरच्या गच्च्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे कण पडलेले असतात आणि कुंडीतल्या पानांवर राखाडी थर चढलेला असतो. उसाच्या फडात पेटवलेल्या पाल्याची काजळी, धुराड्यांची राख, वीटभट्ट्यांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ असे सगळे त्यात मिसळलेले असते. कपडे आपण पुन्हा धुतो. त्याच गच्चीवर लोखंडी सांगाड्यावर बसवलेले सोलर पॅनेल मात्र तसेच राहते. खालून पाहिले तर ते स्वच्छच वाटते. वीज किती कमी झाली हे घरातल्या कुणालाच कळत नाही, कारण मुळात किती यायला हवी होती हे आपण मोजलेले नसते.

आपल्या अंगणात, आपल्या गावात, आपल्या देशात वर्षभरात नेमके किती ऊन पडते, या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर भारताला मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या शास्त्रज्ञ म्हणजे अ‍ॅना मणी. २००१ मध्ये त्या गेल्या. आज घरोघरी सोलर बसवण्याची लगबग सुरू असताना त्यांची आठवण काढायला हवी. त्यांच्या कामाचा उमेदीचा काळ आपल्याच राज्यात, पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हवामान खात्यात गेला, हेही अनेकांना माहीत नसते.

अ‍ॅना मोडयिल मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेडे या डोंगराळ गावी झाला. आज हा भाग केरळच्या इडुक्की जिल्ह्यात येतो. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या. घर सुखवस्तू होते. मुलांना चांगले शिक्षण देऊन मोठ्या हुद्द्यांवर बसवायचे आणि मुलींची वेळेवर लग्ने लावून द्यायची, अशी अशा घरांतली रीत होती. अ‍ॅनाला पुस्तकांचे वेड होते. आठ वर्षांची होईपर्यंत गावातल्या वाचनालयातली जवळजवळ सगळी मल्याळी पुस्तके तिने वाचून काढली होती. त्या घरात मुलीला आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या देण्याची पद्धत होती. अ‍ॅनाने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले.

त्याच सुमारास, १९२४-२५ मध्ये, जवळच्या वैकोमला मंदिराभोवतीचे रस्ते सर्व जातींना खुले व्हावेत म्हणून सत्याग्रह चालू होता. महात्मा गांधी तिथे येऊन गेले. त्या वातावरणाचा लहानग्या अ‍ॅनावर खोल परिणाम झाला. पुढे तिने खादी वापरायला सुरुवात केली. स्वतःच्या गरजेच्या वस्तू स्वतः बनवायच्या, हा विचार तेव्हाच मनात रुजला असावा. पुढच्या साऱ्या कामात तो दिसत राहतो.

१९३९ मध्ये मद्रासमधून पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. याच संस्थेत काही वर्षांपूर्वी मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमलाबाई सोहोनी, यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता आणि हट्ट धरल्यावरच तो मिळाला होता. अ‍ॅनांच्या वेळी दार उघडलेले होते, तरी मुला-मुलींनी एकत्र बसून चर्चा करणे रामन यांना पसंत नव्हते. विज्ञानात ज्या मोकळ्या वादातून माणूस घडतो, त्यातून मुली अशा बाजूला पडत.

तिथे त्यांना विषय मिळाला तो हिऱ्यांचा! कुड्या नाकारणारी मुलगी आता हिऱ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करू लागली. अतिशीत केलेल्या हिऱ्याचा मंद प्रकाश छायाचित्रणाच्या काचपट्टीवर उमटवायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. कधी कधी त्या रात्री प्रयोगशाळेतच काढत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि प्रबंधही तयार झाला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. तो प्रबंध आजही बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पदवीवाचून आपले काही अडले, असे मणी यांनी पुढे कधी मानले नाही.

१९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या. शिकायचे होते भौतिकशास्त्र, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाची उपकरणे शिकण्यासाठी. त्यांनी ती घेतली आणि तिथूनच आयुष्याला वळण लागले. तापमापी, पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग सांगणारी यंत्रे कशी बनतात, ती कशी तपासतात, त्यांत चुका कुठून शिरतात हे सगळे त्यांनी हाताने करून पाहिले. १९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. पुणेकर ज्याला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात तीच ही जागा. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले, म्हणून ते नाव पडले.

त्या वेळी साधी साधी हवामान उपकरणेसुद्धा परदेशातून येत. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या हाताखाली मणी यांनी ही उपकरणे इथेच बनवण्याचे काम हाती घेतले. जवळपास १०० उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार झाले आणि कार्यशाळेत त्यांचे उत्पादन सुरू झाले. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, अशी त्यांची शिस्त होती. यंत्र तपासल्याशिवाय बाहेर जायचे नाही आणि बाहेर गेलेले यंत्र ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासायचे, हा त्यांचा नेम होता.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. त्या निमित्ताने मणी यांनी देशात सौर प्रारण, म्हणजे सूर्यापासून जमिनीवर पोचणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. सुरुवातीला यंत्रे आयात केली, मग तीही इथेच बनवायला घेतली. असे यंत्र दिसायला साधे असते. काचेच्या दुहेरी घुमटाखाली एक काळी चकती असते. उन्हाने ती तापते आणि त्यातून अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो. तो नोंदवला की दर चौरस मीटरला किती ऊर्जा येते ते कळते. दुसरे एक यंत्र नळीसारखे असते आणि ते फक्त थेट सूर्याकडून येणारे किरण मोजते.

या यंत्राची देखभाल करणाऱ्याचे पहिले काम कोणते? रोज घुमट पुसणे. घुमटावर धूळ किंवा दव असेल तर यंत्र सांगेल ते उन्हाचे माप नसेल, ते मळलेल्या काचेचे माप असेल. सोलर पॅनेल आपल्या गच्चीवर येण्याच्या कितीतरी आधी, धूळ उन्हाचा किती वाटा खाते हा प्रश्न या यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांसमोर रोज सकाळी उभा असे.

धूळ काचेवर असते तशी हवेतही असते. मणी यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर भारतातील हवेच्या गढूळपणाचाही अभ्यास केला. थेट येणारे किरण किती कमी झाले, यावरून आकाशात किती धूळ आणि धुरळा तरंगतो आहे याचा अंदाज बांधता येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी यासाठी एक पद्धत दिली होती. ती भारतीय नोंदींना लावून मणी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात वायव्य भारतात वाळवंटाकडून येणारे वारे आकाश धुळीने भरून टाकतात आणि पावसाळा ते धुऊन काढतो, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. मणी यांच्या यंत्रांमुळे ते आकड्यांत मांडता आले.

आजच्या सोलरवाल्यांना या कामाचा थेट उपयोग आहे. पॅनेलची वीज कमी झाली तर कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे आकाशच धुरकट आहे आणि ऊनच कमी पोचते आहे. दुसरे म्हणजे ऊन भरपूर आहे, पण काच मळली आहे. पहिल्याला आपला इलाज नाही, दुसऱ्याला आहे. यातले खरे कारण कोणते, हे कळायला शेजारी एक स्वच्छ काचेचे, तपासलेले यंत्र लागते. मोठ्या सौर प्रकल्पांत आज नेमके हेच करतात. एक पट्टी रोज पुसतात, दुसरी मुद्दाम तशीच ठेवतात आणि दोन्हींतला फरक पाहून सफाई कधी करायची ते ठरवतात.

मणी यांचे काम उन्हापुरते थांबले नाही. फुग्याबरोबर उंच आकाशात जाऊन ओझोन मोजणारे भारतीय उपकरण त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील रॉकेट केंद्रासाठी त्यांनी हवामान वेधशाळा उभी केली. पुढे त्या दिल्लीत उपमहासंचालक झाल्या. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून त्या इजिप्तला गेल्या. वसंतात खमसीन नावाचे उष्ण वारे सुटले की वाळवंटातली धूळ कैरोचे आकाश पिवळे करून टाकते, असा तो देश. १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम सुरूच राहिले. १९७३ च्या तेलसंकटाने जगाला हादरा दिला होता आणि भारतालाही उन्हावाऱ्याच्या ऊर्जेचा विचार करावा लागत होता. रामन संशोधन संस्थेत बसून मणी यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या, चुका गाळल्या आणि १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे जाडजूड संदर्भपुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर लगेच याच विषयावरचा दुसरा ग्रंथ आला. भारतात बहुतेक ठिकाणी दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ४ ते ७ युनिट इतकी ऊर्जा सूर्याकडून मिळते, असे आपण आज सहज बोलतो. अशा वाक्यामागे ही पुस्तके आणि ती यंत्रे उभी आहेत. मग त्या वाऱ्याकडे वळल्या. देशभरात ७०० हून अधिक ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याच्या प्रकल्पाचे त्यांनी नेतृत्व केले. पुण्याहून कोल्हापूरला येताना साताऱ्याच्या आसपास डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवायला आधी वारा मोजावा लागतो आणि देशात त्या मोजणीचा पाया मणी यांच्या कामाने घातला. बंगळूरला त्यांनी वारा आणि ऊन मोजणारी उपकरणे बनवण्याचा छोटा कारखानाही काढला.

त्यांनी लग्न केले नाही. डोंगर, झाडे, पक्षी आणि पुस्तके हे त्यांचे छंद होते. बाई म्हणून आपल्याला वेगळे वागवले गेले याचे भांडवल त्यांनी केले नाही. पण प्रयोगशाळेत बाईच्या हातून यंत्रात लहानशी चूक झाली तरी ती तिच्या अडाणीपणाचा पुरावा ठरते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

त्या गेल्या तेव्हा भारतात सौर वीज नगण्य होती. आज राजस्थानात जोधपूर-फलोदीकडच्या वाळवंटात भडला येथे २,२४५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ऊन भरपूर, जमीन भरपूर, पण धूळही तितकीच. वाळवंटात पाऊस फार थोडा पडतो, त्यामुळे काच आपोआप धुतली जात नाही. रात्री निरभ्र आकाशाखाली काच हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव साचते. धुळीतले क्षार त्यात विरघळतात. सकाळी ऊन चढले की पाणी उडून जाते आणि मागे सिमेंटसारखा घट्ट थर उरतो. तो वाऱ्याने उडत नाही. पाण्याने धुवायचे म्हटले तर वाळवंटात पाणी आणायचे कुठून? जगभरात सौर पॅनेल धुण्यासाठी वर्षाला सुमारे ३,८०० कोटी लिटर पाणी लागते, असा अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांचा २०२२ मधील अंदाज आहे. म्हणून भडलात पाण्याविना झाडणारे यंत्रमानव रात्री पॅनेलांवरून फिरतात.

आणखी एक अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे. आयआयटी गांधीनगर आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये गुजरातमधील पॅनेलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तीन-चार आठवड्यांनी सफाई केली की वीजनिर्मिती सुमारे ५० टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे सफाईपूर्वी जवळजवळ तिसरा हिस्सा घाणीने गिळलेला होता. थराच्या वजनात ९२ टक्के साधी धूळ होती. उरलेल्या थोड्या भागात काजळी आणि माणसाने निर्माण केलेले प्रदूषण होते. पण हे कण बारीक असल्यामुळे काचेला घट्ट चिकटतात आणि वजनाच्या मानाने कितीतरी जास्त प्रकाश अडवतात. कोल्हापूर वाळवंट नाही, जून ते सप्टेंबर पाऊस काच लख्ख धुतो. पण डिसेंबर ते मे या काळात आपल्या पॅनेलवर जे साचते त्यात काजळीचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. वळवाच्या दोन-चार थेंबांनी काच स्वच्छ होत नाही, उलट चिखलाचे ठिपके पडतात. पॅनेलच्या खालच्या कडेला साचलेली घाणीची पट्टी अरुंद असली तरी नुकसान मोठे करते, कारण आतले सेल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. एक झाकला की साखळीतल्या बाकीच्यांचीही वीज अडते.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. काचेला घट्ट चिकटणारे हेच बारीक कण श्वासातून फुप्फुसात खोलवर जातात. दमा असणाऱ्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांचा त्रास अधिक होतो. म्हणून पॅनेल कोरड्या फडक्याने झटकू नये. धूळ नाकातोंडात जाते आणि काचेवर चरेही पडतात. पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले तर ती तडकू शकते. बोअरचे जड पाणी वापरले तर काचेवर पांढरे क्षार राहतात. साबणाची पूड आणि तारेची घासणी नको. पॅनेलवर पाय देऊ नये आणि तुटकी वायर दिसली तर हात लावू नये. सांगाडा उंच असेल तर स्वतः चढण्यापेक्षा जाणकाराला बोलवावे. विजेच्या चार युनिटांसाठी गच्चीवरून पडण्याचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

सफाई किती दिवसांनी करायची, याचे सगळ्या घरांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. वीटभट्टीशेजारचे घर आणि पन्हाळ्याच्या उतारावरचे घर यांत फरक पडणारच. ते आपले आपण मोजावे. निरभ्र आकाशाच्या दिवशी दुपारी बारा वाजता इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल धुवावे आणि आकाश तसेच निरभ्र असेल तर पुन्हा बारा वाजता आकडा पाहावा. दोन आकड्यांतली वाढ म्हणजे आपल्या धुळीचे माप. महिन्या-दीड महिन्याने हेच पुन्हा करावे. वाढ नगण्य असेल तर पाणी आणि कष्ट वाचवावेत. आठ-दहा टक्के दिसली तर सफाईचे दिवस जवळ आणावेत. वर्षभरात आपल्या घराचे वेळापत्रक आपोआप तयार होईल. अ‍ॅना मणी यांनी हेच काम देशासाठी केले, आपल्याला ते एका गच्चीपुरते करायचे आहे.